सण घरात, गर्दी बाजारात : कोरोनाच्या दोन वर्षांत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये नेमके काय चुकले?

२०२२ चा गुढीपाडवा २ एप्रिलला झाला. त्याच्या आदल्याच दिवशी, १ एप्रिल २०२२ पासून राज्य सरकारने कोरोनाचे सगळे निर्बंध मागे घेतले. मास्कची सक्ती संपली आणि दोन वर्षांनी राज्यात पुन्हा शोभायात्रा निघाल्या. त्या वर्षी त्यानंतर रामनवमी, आंबेडकर जयंती, रमजान ईद आणि पुढे ३१ ऑगस्टला गणपती होते. सगळे पूर्वीसारखे सुरू होताना एक प्रश्न मात्र मागेच राहिला. दोन वर्षे सण घरात साजरे झाले. पण त्यामुळे गर्दी खरोखर कमी झाली का? मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे एकाला एक लागून असलेली उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे या प्रश्नाचे उत्तर शोधायला चांगली जागा आहे.

तीन पाडव्यांत काय बदलले?

२५ मार्च २०२०. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवसही होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली आणि देशभर किराणा दुकानांपुढे झुंबड उडाली. महाराष्ट्रात तर संचारबंदी आधीच लागू झाली होती. लोकल २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद होती. पाडव्याला लागूनच सिंधी समाजाचा चेटीचंड येतो. उल्हासनगरात हा वर्षातला सर्वांत मोठा सण. तोही त्या वर्षी घरातल्या घरातच झाला.

१३ एप्रिल २०२१. पुन्हा पाडवा. त्याच दिवशी रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या लाटेतले कडक निर्बंध जाहीर केले. ते १४ एप्रिलला, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दिवशी रात्री आठपासून लागू झाले. पाचच दिवसांनी, १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले.

आणि २ एप्रिल २०२२. निर्बंधमुक्त पाडवा.

या दोन वर्षांत सरकारने लोकांच्या बाहेर पडण्याची दोन गटांत विभागणी केली होती. एक ‘अत्यावश्यक’ काम आणि दुसरे बाकीचे सगळे. किराणा, भाजी, औषधे, बँक, रेशन हे पहिल्या गटात. सण, समारंभ, देवदर्शन दुसऱ्या गटात. कागदावर ही विभागणी सोपी वाटते. विषाणूला मात्र माणूस गाठी आणि कडुलिंबाची डहाळी आणायला निघाला आहे की गव्हाचे पीठ आणायला, याच्याशी देणेघेणे नसते. किती माणसे, किती जवळ, किती वेळ आणि हवा खेळती आहे की कोंडलेली, एवढेच त्याच्यासाठी महत्त्वाचे.

ही तीन शहरे वेगळी का?

एक कारण म्हणजे दाटी. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत वसलेले शहर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींमध्ये ठेवण्यात आले आणि १९४९ मध्ये ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. कॅम्प एक ते पाच ही नावे आजही तोंडी आहेत. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती आणि क्षेत्रफळ अवघे १३ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर जवळपास ३९ हजार माणसे. अशा ठिकाणी ‘घरातच वेगळे राहा’ हा सल्ला अनेक कुटुंबांना पाळताच येत नाही, कारण वेगळी खोलीच नसते.

दुसरे कारण म्हणजे लोकल. अंबरनाथची लोकसंख्या २०११ मध्ये अडीच लाखांच्या वर, तर कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. स्वस्त घरांच्या शोधात मुंबईतला नोकरदार गेली काही दशके याच दिशेने सरकत आला. बदलापूर ते मुंबईतले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. कल्याण ते बदलापूर दरम्यान २०२२ मध्येही दोनच रूळमार्ग होते. त्यावरून लोकलही धावत होती आणि पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही. तिसरी-चौथी मार्गिका मंजूर होती, पण प्रवाशाला ती तोवर मिळालेली नव्हती. त्यामुळे लोकल हा इथे सोयीचा पर्याय नसून एकमेव पर्याय आहे.

तिसरे कारण प्रशासनाचे. शहरे एकमेकांना चिकटलेली असली तरी कारभार तीन ठिकाणी चालतो. उल्हासनगरला महापालिका आहे, आयुक्त आहेत. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा, त्यामुळे तिथे मुख्याधिकारी आणि वर जिल्हाधिकारी. पोलिस मात्र तिन्ही ठिकाणी ठाणे शहर आयुक्तालयाचेच. मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. अंबरनाथ, बदलापूरच नव्हे तर मुरबाड, कर्जतकडचे रुग्णही तिथे येतात. रुग्ण, प्रवासी आणि ग्राहक शहरांच्या हद्दी रोज ओलांडतात. नियम मात्र हद्दीपाशी बदलू शकतात.

सणांवर कोणते निर्बंध होते?

निर्बंधांची यादी मोठी आहे. २०२० मध्ये दहीहंडी झाली नाही. ११ जुलै २०२० रोजी राज्याने गणेशोत्सवाचे नियम जाहीर केले. सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरगुती दोन फुटांपर्यंत. मिरवणुका नाहीत, विसर्जन शक्यतो घरी किंवा कृत्रिम तलावात. नवरात्रात गरबा नाही. सिंधी समाजाचे चाळीस दिवसांचे चालिहो व्रतही मेळ्याविना. ईदची नमाज घरी.

मंदिरे आणि इतर प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला परत उघडली. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. २०२० ची महाशिवरात्र २१ फेब्रुवारीला होती आणि राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्चला सापडले. म्हणजे अवघ्या अडीच आठवड्यांच्या फरकाने त्या वर्षीची महाशिवरात्र निर्बंधांतून सुटली.

बहुतेक लोकांनी हे नियम पाळले. पाळणे तुलनेने शक्यही होते. मिरवणूक रद्द करता येते, गणपती घरच्या बादलीत विसर्जित करता येतो. जेवण मात्र रद्द करता येत नाही.

मग रोजच्या कामांचे काय झाले?

इथेच खरी गोम आहे. जून २०२० मध्ये ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झाले, तेव्हा बाजारपेठेत रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडायची, असा नियम आला. उल्हासनगरसारख्या शहरात जिथे कापड, जीन्स, फर्निचरच्या बाजारांवर हजारो घरे चालतात, तिथे याचा अर्थ निम्मे दिवस धंदा बंद असा होता. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर त्याला हवे ते दुकान आज उघडे नसले की उद्या पुन्हा एक फेरी.

एप्रिल २०२१ मध्ये नियम आणखी कडक झाला. २० एप्रिलच्या आदेशाने किराणा, भाजी, दूध, फळे यांची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी राहतील असे ठरले. हेतू स्पष्ट होता. लोकांनी कमीत कमी बाहेर पडावे. पण साधा हिशेब करून पाहा. एरवी बारा तास चालणारे दुकान चार तास उघडले आणि गिऱ्हाइकांची संख्या तेवढीच राहिली, तर दर तासाला दुकानापुढे तिप्पट माणसे उभी राहणार. गिऱ्हाइकांनी निम्म्या फेऱ्या कमी केल्या, तरीही दर तासाची गर्दी पूर्वीच्या दीडपट.

घरपोच सेवेला रात्री आठपर्यंत मुभा होती. ती इमारतीत राहणाऱ्या, मोबाइलवर पैसे देणाऱ्या आणि महिन्याचे सामान एकदम भरू शकणाऱ्या कुटुंबाच्या उपयोगाची. ज्याच्या हातात रोज संध्याकाळी मजुरी पडते, तो रोज पाव किलो तेल आणि अर्धा किलो तांदूळ घेतो. त्याला रोज रांगेत उभे राहावेच लागते. म्हणजे एकच नियम दोन घरांत दोन वेगळ्या प्रकारे लागू झाला.

सणांमुळे रुग्ण वाढले का?

याचे सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर नाही. आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात.

केरळमध्ये ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ओणम झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रुग्ण झपाट्याने वाढले. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी दसरा-दिवाळीपूर्वी केरळचेच उदाहरण देऊन इशारा दिला होता. महाराष्ट्रातही २०२० चा गणेशोत्सव १ सप्टेंबरला संपला आणि पहिल्या लाटेचे शिखर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आले. ११ सप्टेंबरला राज्यात २४,८८६ रुग्ण नोंदले गेले. पण त्याच सुमारास जिल्ह्यांतर्गत-जिल्ह्याबाहेरचा प्रवासही खुला होत होता. २० ऑगस्टला एसटीची आंतरजिल्हा सेवा सुरू झाली, २ सप्टेंबरला ई-पास रद्द झाला. त्यामुळे वाढीचे सगळे खापर गणपतीवर फोडता येत नाही.

उलट उदाहरणेही आहेत. नोव्हेंबर २०२० च्या दिवाळीत बाजार ओसंडून वाहत होते. त्यानंतर लाट येणार, असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. राज्यात ती तेव्हा आली नाही. ती आली फेब्रुवारी २०२१ मध्ये, अमरावती, अकोला, यवतमाळ या भागातून, कोणताही मोठा सण नसताना. पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला विषाणूचा प्रकार महाराष्ट्रातच ठळकपणे समोर आला. २०२१ चा गणेशोत्सव १० ते १९ सप्टेंबर असा झाला, त्यानंतर रुग्ण कमीच होत गेले. तिसरी लाट डिसेंबरअखेर आली ती ओमिक्रॉनमुळे.

यातून सण निर्धोक होते असे ठरत नाही. एवढेच ठरते की विषाणूचा प्रकार, लोकांमधली प्रतिकारशक्ती आणि रोजचा सहवास या तिन्हींचा वाटा मोठा असतो. सण हा त्यावरचा एक झटका. मुंबई महापालिकेने जुलै २०२० मध्ये तीन विभागांत केलेल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे सापडली, इतर वस्तीत १६ टक्के लोकांमध्ये. तोवर टाळेबंदीत गणपतीही झाला नव्हता आणि दहीहंडीही. मिरवणूक न काढताच निम्म्याहून अधिक वस्तीला संसर्ग होऊन गेला होता. सार्वजनिक नळ, सामायिक शौचालय, अरुंद गल्ली आणि रेशनची रांग यांनी ते काम केले.

लोकलच्या नियमांनी कोणाला अडवले?

मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने एक आदेश काढला. मुंबईत नोकरीला जाणाऱ्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांनी रोज ये-जा करू नये, त्यांची सोय मुंबईतच व्हावी. टीका झाल्यावर तो मागे घेतला गेला. पण त्यातून एक अडचण उघड झाली. मुंबईचे रुग्णालय चालवणारी परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलिस, बेस्टचा चालक हे मोठ्या संख्येने कल्याणच्या आसपास आणि पलीकडे राहतात. शहराला त्यांची सेवा हवी होती, शेजारपाजाऱ्यांना मात्र त्यांचे घरी परतणे नको होते. लोकल बंद असताना त्यांच्यासाठी एसटी आणि बेस्टच्या बस बदलापूरसारख्या ठिकाणांहून सोडण्यात आल्या. दीड तासाचा प्रवास मग रस्त्यावरच्या कोंडीवर अवलंबून राहिला.

१५ जून २०२० पासून लोकल फक्त अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. २१ ऑक्टोबरपासून सर्व महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर परवानगी मिळाली. सकाळी नऊला दादरच्या घरी पोळ्या करायला पोहोचायचे असलेल्या बाईला या वेळेचा उपयोग नव्हता. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना प्रवेश मिळाला, तोही गर्दीच्या वेळा वगळून. एप्रिलमध्ये दार पुन्हा बंद झाले.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी लोकल उघडली, पण दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठीच. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण १ मेपासून सुरू झाले होते. लस अपुरी पडल्याने महाराष्ट्राने ते मेच्या मध्यात थांबवले आणि सरकारी केंद्रांवर सर्व प्रौढांसाठी जूनच्या अखेरीस परत सुरू केले. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर ठेवायचे होते. बदलापूरच्या एखाद्या २५ वर्षांच्या कामगाराला २२ जूनला पहिला डोस मिळाला असेल, तर दुसरा १४ सप्टेंबरला आणि लोकलचा पास २८ सप्टेंबरला. तोवर गणपती येऊन गेलेही. नियमाला तर्क होता, पण तो पाळण्यासाठी लागणारी लसच वेळेत मिळत नव्हती.

मग कोणता नियम बरा होता?

याच काळात काही नियमांनी गर्दी दाबण्याऐवजी पसरवली. एप्रिल २०२० मध्ये जनधन खात्यांत महिलांसाठी ५०० रुपये जमा होऊ लागले. बँकांपुढे रांगा लागणार हे उघड होते. म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरवून दिले गेले. शून्य आणि एकवाले एका दिवशी, दोन आणि तीनवाले दुसऱ्या दिवशी. ठाणे महापालिकेने २०२० च्या गणेशोत्सवात विसर्जनासाठी ऑनलाइन वेळ ठरवून घेण्याची सोय केली. भाजी बाजार मैदानांत हलवणे हाही त्यातलाच प्रकार. या उपायांत माणसांना बाहेर पडू नका असे न सांगता, सगळे एकदम येऊ नका असे सांगितले होते. त्यासाठी जागा, यादी आणि नियोजन लागते. दुकानाचे शटर अकराला बंद करायला फक्त आदेश लागतो.

मूर्तिकारांच्या बाबतीतही वेळेचाच प्रश्न होता. त्यांचे काम महिनोन्‌महिने आधी सुरू होते. उंचीची मर्यादा मात्र सणाला सहा आठवडे उरले असताना जाहीर झाली. तोवर मोठ्या मूर्तींवर माती, रंग आणि कर्जाऊ पैसा लागून गेलेला होता.

आता याचा उपयोग काय?

निर्बंध उठले म्हणून हा हिशेब संपत नाही. पुढची साथ कोरोनाची असेल किंवा दुसरी एखादी, तेव्हाही उल्हासनगरचा बाजार, अंबरनाथची औद्योगिक वसाहत आणि बदलापूरची सकाळची लोकल यांतून माणसे एकमेकांना भेटतच राहतील. त्यामुळे तिन्ही शहरांसाठी एकच आराखडा आधीच तयार हवा. कोणती मैदाने बाजारासाठी मोकळी करायची, रेशनचे दिवस कसे वाटायचे, कामाच्या वेळा पुढे-मागे करण्याबाबत कारखान्यांशी काय ठरवायचे, सणांचे नियम किती महिने आधी सांगायचे, हे साथ नसतानाच ठरवता येते.

२०२२ मध्ये यात एक अडचण होती. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० मध्येच संपली. कोरोनामुळे निवडणुका पुढे गेल्या आणि तेव्हापासून तिथे प्रशासक होते. उल्हासनगरात २०१७ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची पाच वर्षेही २०२२ मध्ये पूर्ण झाली. साथीच्या काळात रांग कुठे लावायची, हे ज्याला जाऊन विचारायचे तो गल्लीतला नगरसेवक दोन शहरांत पदावरच नव्हता. निवडणुका होतील तेव्हा रस्ते, पाणी आणि कचऱ्याबरोबर हा प्रश्नही उमेदवारांना विचारायला हरकत नाही.  नियम करायचेच असतील, तर मूर्तिकाराने माती कालवण्याआधी ते जाहीर झालेले बरे.